पुराचं मॉडेल: आकडे राहतात, कारणं हरवतात (युजर कॉन्फरन्सहून परतल्यावर)

काठावरची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज जरा लांबलचक लिहितेय. मी इंग्लंडमध्ये पुराचं मॉडेलिंग करायच्या एका सॉफ्टवेअरच्या टीममध्ये डिझायनर आहे. नदीचं गणित लिहिणारे लोक वेगळे, ते गणित वापरणाऱ्याला स्क्रीनवर काय दिसावं, कुठला आकडा कुठे भरावा, काही बिघडलं तर वेळेत कळावं कसं, हे माझं काम. नुकतीच बर्मिंगहॅमला आमच्या युजर्सची कॉन्फरन्स झाली, तिथून परत आल्यापासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, ती इथे मांडते, कारण इथे पाटबंधाऱ्यातले, सॉफ्टवेअरमधले आणि प्रत्यक्ष पूर भोगलेले असे सगळेच लोक आहेत.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. गावाचा सगळा भूभाग छोट्या छोट्या चौकोनांत कापायचा, विमानातून लेझरने मोजलेली उंची (लायडार) प्रत्येक चौकोनाला द्यायची, एका बाजूने नदीचं पाणी किंवा वरून पाऊस सोडायचा, आणि मग प्रत्येक चौकोनात पाणी किती खोल आणि किती वेगाने हे कॉम्प्युटर क्षणाक्षणाला काढत जातो. चौकोन ४ मीटरचा होता तो २ मीटरचा केला की चौकोन चौपट होतात, शिवाय वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात, म्हणजे ३ तासांचं काम थेट २४ तासांवर जातं. म्हणून कॉन्फरन्समध्ये सगळ्यात जास्त टाळ्या कशाला पडल्या तर ग्राफिक कार्डवर मॉडेल किती पट वेगाने पळतं त्याला. साहजिक आहे, रात्री रन लावून (म्हणजे मॉडेल चालू करून) सकाळी धडधडत्या छातीने बघायला येणाऱ्या माणसाला वेग म्हणजे काय ते त्यालाच माहीत. एआयवर दोन-तीन भाषणं झाली, त्यातलं एक खरंच चांगलं होतं, पण तो विषय आज नको.

माझं काम भाषणांच्या हॉलमध्ये नव्हतं, बाहेर चहाच्या काउंटरजवळ एका टेबलाशी होतं. येईल त्याला म्हणायचं, तुमचं मॉडेल उघडा आणि नेहमीचं काम करा, मी फक्त बघत बसते. तिथे एक बाई आल्या, बऱ्याच वर्षांच्या अनुभवी मॉडेलर. त्यांच्या मॉडेलमध्ये एका छोट्या गावातून रेल्वेचा उंच भराव जात होता आणि भरावाखालून पायी जायचा एक बोगदा. आता विमानाला भरावाचा माथा दिसतो, खालचा बोगदा दिसत नाही. त्यामुळे मॉडेलमध्ये पाणी भरावाला अडून तुंबतं, पलीकडची गल्ली कोरडी ठणठणीत. बाईंनी भरावावर एक रेघ ओढली, बोगद्याचा तळ किती उंचीला ते भरलं, आणि रुंदीच्या खान्यात १.८ मीटर टाकलं. मी विचारलं नकाशावर तर २.४ दिसतंय ना? तर म्हणाल्या हो, पण मी जाऊन बघितलंय, आत एका बाजूला कौन्सिलने सायकली अडवायला लोखंडी कठडा बसवलाय आणि त्याला कायम कचरा अडकलेला असतो, पाण्याला वाट १.८ चीच आहे. पुन्हा रन लावला, निळा रंग भरावापलीकडे गेला, गल्लीतली पाच-सहा घरं पाण्यात.

मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, आता हे मी लिहू कुठे सांगा.

त्यांची पद्धत त्यांनी दाखवली. एक्सेलची एक फाइल, तिच्यात दुरुस्त्यांची यादी. एक ईमेल, ज्यात साइटचे फोटो. आणि मॉडेलच्या फाइलच्या नावातच शेवटी जोडलेली दोन-तीन अक्षरं, ज्यांचा अर्थ फक्त त्यांना आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला माहीत. सॉफ्टवेअरमध्ये राहिलं काय, तर १.८. चार वर्षांनी कौन्सिल ते मॉडेल दुसऱ्या कंपनीला देणार, तिथला एखादा हुशार, मेहनती पोरगा नकाशावर मोजणार, २.४ भरतंय म्हणून दुरुस्त करणार, आणि त्याला शाबासकीही मिळेल. त्याची काही चूक नाही. त्याला कारण दिसलंच नाही.

हे ऐकल्यावर मी दिवसभर तेवढ्यासाठीच कान टवकारून बसले होते आणि जो येईल तो वेगळ्या शब्दांत तेच सांगत होता. एकाला दुसऱ्या कंपनीचं मॉडेल मिळालं होतं, त्यात बंधाऱ्याचा गुणांक (बंधाऱ्यावरून पाणी किती जाईल ते ठरवणारा आकडा) नेहमीपेक्षा बराच कमी, आता तो कुणी विचार करून ठेवलाय की मॉडेल सारखं कोसळत होतं म्हणून रात्री अकराला वैतागून ठेवलाय, कळायला मार्ग नाही. दुसरी एक मुलगी म्हणाली, मी माझंच दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल उघडते तेव्हा सगळ्यात आधी जुने ईमेल शोधते.

आणि हे आकडे बारीकसारीक नसतात. इंग्लंडमध्ये पाण्याचा माणसाला धोका किती हे काढायचं एक सूत्र वापरतात: खोली गुणिले (वेग अधिक ०.५), आणि त्यात पाण्याबरोबर वाहून येणाऱ्या वस्तूंसाठी एक आकडा मिळवायचा. समजा पाणी ४० सेंटीमीटर खोल आहे आणि सेकंदाला १ मीटर वेगाने वाहतंय. उत्तर ०.६. आता एवढ्या खोलीला तो मिळवायचा आकडा कुरणासाठी ०, झाडीसाठी ०.५, शहरी भागासाठी १. म्हणजे तेच पाणी ०.६ वर राहिलं तर 'धोका कमी', १.१ झालं तर 'काहींना धोका', १.६ झालं तर 'बहुतेकांना धोका'. नकाशावर तीन वेगळे रंग, पाणी एकच. गावाच्या कडेला अर्धं कुरण, अर्धी घरं अशी जागा असते तिथे कुणीतरी एका माणसाने ठरवलेलं असतं की याला शहर म्हणायचं. त्याने विचार करूनच ठरवलं असेल. तो विचार कुठे आहे?

आम्ही डिझायनर लोक नकाशावर फार जीव टाकतो. निळ्याच्या छटा, पारदर्शकता, पाणी हळूहळू चढताना दाखवणारं ॲनिमेशन. एका कौन्सिलच्या अधिकाऱ्याने सांगितलं की गावच्या सभेत नकाशा लावला की माणूस पुढे येतो, स्वतःचं घर शोधतो आणि बोट ठेवून विचारतो, रेघ माझ्या स्वयंपाकघरातून गेलीय, मग बैठकीची खोली वाचणार ना? मॉडेलचा चौकोन ४ मीटरचा, आणि आम्ही त्याला दार-खिडकी दिसेपर्यंत झूम करू देतो. ती रेघ जितकी रेखीव तितका तिच्यावर विश्वास जास्त. मला वाटतं नकाशा गरजेपुरता चांगला झालाय, पुढची मेहनत दुसरीकडे हवी: आकडा जिथे बदलला जातो, त्याच जागी, त्याच क्षणी, कारण टिपून ठेवायची सोय. कुणी बघितलं, कधी बघितलं, काय बघितलं. आणि ते मॉडेलबरोबर प्रवास करायला हवं, वेगळ्या एक्सेलमध्ये नाही.

तर प्रश्न असा, की आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात पूररेषा वगैरे आखणाऱ्यांकडे, हे कसं चालतं? आणि सॉफ्टवेअरवाल्यांना असं काही केल्याचा अनुभव आहे का?

---

पाणपोई

छान लिहिलंय, आवडलं. एक बाळबोध प्रश्न. मॉडेलमध्ये एवढे आकडे माणूस ठरवतो तर कॉम्प्युटर नक्की करतो काय? आणि ते 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' प्रकरण पण सांगा ना, आमच्या सोसायटीत त्यावरून वाद चालू आहे, एक काका म्हणतात २०१९ ला येऊन गेला, आता २११९ पर्यंत चिंता नाही.

---

काठावरची

@पाणपोई, बाळबोध अजिबात नाही. गणित कॉम्प्युटरचंच, पाणी उताराकडे कसं जाईल, कुठे अडेल, कुठे वेग घेईल. पण जमीन किती खरखरीत (मॅनिंगचा एन म्हणतात त्याला, काँक्रीटला साधारण ०.०१३, स्वच्छ वाहत्या नदीला ०.०३ च्या आसपास), पूल किती अडवतो, पाऊस किती आणि कुठे धरायचा, हे सगळं माणूस सांगतो.

आणि काकांना सांगा की त्या पुराची शक्यता दर वर्षी १ टक्का असते, येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची कमी होत नाही. ३० वर्षांचं गृहकर्ज घेतलं तर तेवढ्या काळात तो निदान एकदा तरी यायची शक्यता साधारण २६ टक्के भरते, चारात एकापेक्षा जरा जास्तच.

---

शिरोळकर

ताई, लेख एका दमात वाचला. मी शिरोळ तालुक्यातला, २००५, २०१९, २०२१ तिन्ही बघितलेत, २०१९ ला घरात पाणी होतं. आमच्याकडं पुराचं गणित वेगळं चालतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटाला आली की इशारा, ४३ ला धोका, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले हे पोरासोरांनाबी तोंडपाठ, आणि कोल्हापुरात पाणी जामदार क्लबपाशी आलं की इकडं आम्ही जनावरं हलवायला घेतो. नरसोबाच्या वाडीला, संगमावर, कृष्णा चढलेली असली की पंचगंगेला पुढं जायला वाटच नाही, फुगवटा मागं सरकत येतो, पाऊस थांबला तरी पाणी उतरत नाही.

माझा प्रश्न उसाचा आहे. नदीपासून वर रानात शिरलं की सगळा ऊस. ऑगस्टात तो माणसापेक्षा उंच उभा असतो, आत शिरलं तर दोन हातांवरचं दिसत नाही. पाणी त्यातून जातं कसं ते बघितलंय मी, जातच नाही, नुसतं फुगतं, आणि पाणंद रस्त्यानं मात्र घोड्यागत पळतं. तोच ऊस मार्चमध्ये कारखान्याला गेलेला, रान मोकळं. मग तुमच्या त्या खरखरीतपणात ऊस कुठल्या महिन्याचा धरतात? सर्व्हेला माणूस उन्हाळ्यात येतो हो, पावसाळ्यात कोण येतंय.

---

वाशिष्ठी_एमटेक

@शिरोळकर दादा, हा प्रश्न माझ्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत कुणी विचारला असता तर मी गप्प बसले असते. पुस्तकातल्या तक्त्यात उभ्या पिकाला साधारण ०.०४ आणि दाट झाडीला ०.१ च्या आसपास मिळतं, ऊस दोन्हीच्या मध्ये कुठेतरी, किंवा उभ्या उसाच्या फडात झाडीच्याही जवळ. आणि सॅटेलाइटवरून जमिनीचा वापर काढतात तिथे सगळ्याला एकच नाव, 'शेती'. एकच आकडा.

मी चिपळूणच्या २२ जुलै २०२१ च्या पुरावर काम करतेय, हेक-रास हे पुराच्या मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर वापरून. ते अमेरिकन आर्मीच्या इंजिनिअर लोकांचं, फुकट मिळतं, २०१६ ला त्यात टू-डी (वर सांगितलेलं चौकोनांचं मॉडेल) आलं तेव्हापासून आपल्याकडच्या कॉलेजांत तेच चालतं. धागाकर्तीच्या प्रश्नाबद्दल: त्यात मेन विंडोलाच डिस्क्रिप्शनची चौकट आहे. माझ्या सीनियरकडून आलेल्या मॉडेलमध्ये ती रिकामी होती, आणि मी अडीच आठवडे त्याने भरतीची पातळी कुठून घेतली तेच शोधत बसले, शेवटी तो दुबईला असतो तिथे फोन केला.

तुमच्याकडे १ मीटरचा लायडार फुकट डाउनलोड होतो हे ऐकून हेवा वाटतो. आमच्याकडे हाताशी येतो तो ३० मीटरचा सॅटेलाइट डेटा, एका चौकोनात आख्खी गल्ली बसते, नदीचा काठ कुठे संपला आणि बाजारपेठ कुठे सुरू झाली तेही दिसत नाही. मग आम्ही काय करतो, नदीचं पात्र अंदाजाने खोदतो. हे 'अंदाजाने' कुठे नोंदलंच जात नाही, प्रबंधात एक ओळ येते आणि मॉडेल पुढच्या बॅचला जातं. जिथे डेटा कमी तिथे माणसाचे निर्णय जास्त, म्हणजे कारणांची नोंद आम्हालाच जास्त हवी.

---

निवृत्त_उपअभियंता

धागा उत्तम. मी जलसंपदा विभागात पस्तीसेक वर्षं काढली, पूररेषेच्या कामांत होतो म्हणून लिहितो. वाचकांसाठी: आपल्याकडे निळी रेषा म्हणजे ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत प्रतिबंधित क्षेत्र, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. या दोन रेषांवर जमिनीचे भाव ठरतात, लोकांच्या बांधकाम परवानग्या अडतात, त्यामुळे रेषा कोणत्या आकड्यावर आली हा प्रश्न नुसता तांत्रिक राहत नाही.

तुम्ही विचारलंत आपल्याकडे कारणांची नोंद कशी होते. सरकारी फाइल उघडा. एका बाजूला पत्रव्यवहार, दुसऱ्या बाजूला टिपणी. कनिष्ठ अभियंत्याने काय प्रस्तावित केलं, उपअभियंत्याने कुठे शंका काढली, कार्यकारी अभियंत्याने ती कोणत्या कारणाने मान्य किंवा अमान्य केली, सगळं तारखेनिशी, सहीनिशी. लोक सरकारी फाइलला नावं ठेवतात, पण मी १९७० च्या दशकातल्या फाइलींत एका पुलाच्या मोरीची रुंदी का वाढवली याचं अर्धं पान कारण वाचलेलं आहे, आणि ते वाचून आमचा निर्णय बदललेला आहे. मॉडेलिंग आलं, कामं बाहेरच्या सल्लागारांना गेली, आणि टिपणी गेली. आता आम्हाला मिळतो अहवाल, त्यात जाडजूड परिशिष्टं, निकालाचे नकाशे. आणि सॉफ्टवेअरची फाइल मागितली तर कित्येकदा तीही मिळत नाही.

तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये टिपणी आणणार असाल तर फार मोठं काम कराल. एकच सूचना, टिपणीत शंकाही राहिली पाहिजे. ज्याने नाही म्हटलं त्याचं म्हणणं पुसायचं नाही.

---

कोडवाला_पुणे

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. आमच्याकडे कोड बदलताना प्रत्येक वेळी 'का बदललं' लिहायची सक्ती असते, वर्षानुवर्षांची शिस्त आहे, टूल्स उत्तम आहेत, तरी लोक काय लिहितात? 'फिक्स', 'चेंजेस', 'आता चालतंय'. सक्तीची चौकट टाकलीत की लोक टिंब टाकून पुढे जातील, आणि मग तुमच्याकडे टिंबांनी भरलेला इतिहास तयार होईल जो रिकाम्यापेक्षा वाईट, कारण बघणाऱ्याला वाटेल नोंद आहे. मॉडेलर डेडलाइनखाली असतो, ताशी पैसे लावून काम करतो, त्याच्या क्लायंटला नोट्स नकोत, नकाशा हवाय. हा प्रश्न डिझाइनचा नाहीच, काँट्रॅक्टचा आहे. काँट्रॅक्टमध्ये लिहा की नोंदींसकट मॉडेल द्यायचं, नाहीतर शेवटचं बिल नाही. दुसऱ्या दिवसापासून नोंदी येतील.

---

शिरोळकर

@निवृत्त_उपअभियंता साहेब, नियंत्रित क्षेत्रातली चार-चार मजली आमच्या डोळ्यांदेखत उठली, तवा टिपणी कुठं होती? तुमच्याबद्दल नाही म्हणत, पण दुखतं.

---

निवृत्त_उपअभियंता

@शिरोळकर, दुखणारच. टिपणी होती, काही ठिकाणी स्पष्ट विरोधाचीही होती. म्हणून तर आज माहिती अधिकारात ती मागता येते आणि कोणी काय म्हटलं होतं ते दाखवता येतं. नोंद नसती तर तेवढंही नसतं.

---

काठावरची

@कोडवाला_पुणे, तुमचा मुद्दा मला मान्य आहे अर्धा. सक्ती नकोच, ते मी तिथे बसल्या बसल्याच बघितलं. पण एक गोष्ट तुम्ही कोडच्या अनुभवावरून म्हणताय ती इथे थोडी वेगळी आहे. मॉडेलर आकडा बदलताना तोंडाने कारण बोलतो. खरंच, माझ्याशेजारी बसलेला प्रत्येक जण बोलत होता, 'इथे पूल जुना आहे', 'हे काल पाऊस नसताना मोजलंय', 'या विमानाच्या डेटात झाडं काढताना बांधही गेलाय'. कारण त्या क्षणी त्याच्या ओठांवर असतं आणि सहा आठवड्यांनी अहवाल लिहायला बसतो तेव्हा गेलेलं असतं. म्हणजे लिहायची इच्छा नाही असं नाही, लिहायची जागा चुकीच्या वेळी येते. फोनवरून काढलेला फोटो त्या रेघेला चिकटवता आला, दोन वाक्यं बोलून ठेवता आली, तरी खूप झालं.

दुसरं, नोंद वाचायला कधी मिळते यावर ती लिहिली जाते की नाही ते ठरतं. कुठल्यातरी मेनूत पडलेली चौकट कुणी वाचत नाही म्हणून कुणी भरत नाही. पण तो पुढचा पोरगा १.८ पुसून २.४ टाकायला गेला आणि त्याच क्षणी समोर आलं, की 'आत कठडा आहे, कचरा अडकतो, अमुक तारखेला बघितलं', तर तो थांबेल. बदलेलही कदाचित, कठडा काढला असेल तर बदलायलाच हवं, पण मग त्याचं कारण तो त्याखाली लिहील. उपअभियंता काकांनी टिपणीचं सांगितलं ते मला इतकं पटलंय, एकाखाली एक, आधीचं न पुसता.

काँट्रॅक्टचं म्हणाल तर शंभर टक्के खरं. पण काँट्रॅक्टने मागितलं तरी ठेवायला जागा लागते ना, आज ती जागाच नाही.

जुन्या काही सॉफ्टवेअर्समध्ये मॉडेल साध्या टेक्स्ट फाइलीत लिहितात, तिथे लोक आकड्याशेजारीच शेरा मारून ठेवतात. कॉन्फरन्सला अशा फाइलींवर जीव असलेले बरेच अनुभवी लोक भेटले. आम्ही सुंदर खिडक्या आणि डबे बनवले आणि ती शेजारची मोकळी जागा बंद केली. ती परत द्यायचीय.

---

मिठीकाठ

मी मुंबईचा, २६ जुलै २००५ ला कलिन्यात होतो. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी आणि कुलाब्यात ७५ सुद्धा नाही. आता तुमच्या धाग्याच्या संदर्भात विचार करा, मॉडेलमध्ये पाऊस भरणाऱ्याने कुठलं केंद्र घेतलं? नुसतं कुलाबा घेतलं असतं तर मुंबईत त्या दिवशी पूरच आला नसता. हा निर्णय 'पाऊस' नावाच्या एका फाइलीत दडलेला असतो.

दुसरं म्हणजे गृहीतकं. जुन्या गटारांची क्षमता तासाला २५ मिमी पावसाची आणि तीही ओहोटी असताना, नंतर ५० मिमीच्या हिशोबाने काम काढलं, हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह असे पंप बसले. मॉडेलमध्ये पंप चालूच धरतात ना? वीज गेली, कचऱ्याने जाळी तुंबली तर? ते कुणी बघतं का?

---

काठावरची

@मिठीकाठ, पावसाचं उदाहरण मी आमच्या टीमला दाखवणार आहे, हरकत नाही ना? एकाच शहरात एवढा फरक इकडच्या लोकांना खरा वाटत नाही.

पंपाबद्दल: इथलंच उदाहरण आहे. यॉर्कला फॉस नदी ऊझला मिळते तिथे एक मोठा दरवाजा आहे, ऊझ चढली की तो खाली सोडतात आणि फॉसचं पाणी पंपाने पलीकडे टाकतात. २०१५ च्या नाताळानंतरच्या पुरात पंपघरातच पाणी शिरायला लागलं, विजेची यंत्रणा धोक्यात आली, आणि २६ डिसेंबरला दरवाजा उचलायचा निर्णय घ्यावा लागला. शेकडो घरांत पाणी गेलं. ज्या मॉडेलमध्ये 'पंप चालू' हा एक छोटासा टिकमार्क असतो तिथे ही शक्यता दिसतच नाही. कॉन्फरन्समध्ये यावर चांगली चर्चा झाली, जाळी अर्धी तुंबलेली, पूर्ण तुंबलेली असे वेगळे रन आता बरेच लोक करतात. पण टिकमार्क कुणी आणि कशाच्या भरवशावर लावला, हे तिथेही लिहिलेलं नसतं. माझं तेच तुणतुणं.

---

घाटमाथा

सगळं ठीक आहे पण सरळ विचारतो. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचंच घ्या. २०१९ च्या पुरानंतर त्याच्या अभ्यासाला वडनेरे समिती झाली, २०२० ला अहवाल आला, तरी सांगली-कोल्हापुरात कुणी मानतं का? इकडचे म्हणतात अलमट्टीमुळं पूर, तिकडचे म्हणतात नाही. दोघांकडं अभ्यास आहेत, दोघांकडं मॉडेल. ज्याला जे हवं ते मॉडेल सांगतं असं लोकांचं मत झालंय. नोंदी ठेवून काय फरक पडणार?

---

वाशिष्ठी_एमटेक

@घाटमाथा, फरक असा पडेल की भांडण निकालावर न होता आकड्यावर होईल. आज एक बाजू म्हणते पाणी इतकं चढतं, दुसरी म्हणते नाही चढत, दोघांच्या आत काय आहे ते तिसऱ्याला दिसत नाही. फुगवट्याचा हिशोब करताना नदीचे काटछेद (पात्राची आडवी मापं) कुठल्या वर्षीचे घेतले, पात्रात गाळ किती धरला, मधल्या बंधाऱ्यांचे दरवाजे कधी उघडे धरले, एवढं कारणांसकट समोर ठेवलं तर निदान कुठे मतभेद आहे ते सापडतं. लोक मानतील की नाही माहीत नाही, पण विचारायला नेमका प्रश्न तरी मिळेल.

---

शिरोळकर

आमच्या गल्लीत तालमीच्या भिंतीवर तिन्ही पुरांच्या खुणा आहेत, रंगानं रेघ मारून वर साल लिहिलंय. पाणी उतरल्यावर पोरांनी लगेच मारल्यात. अशा खुणा नदीकाठच्या गावागावांत आहेत. कुणाला मॉडेल तपासायला पाहिजेत तर फोटो आणि जागा देतो, मोजायला फूटपट्टी घेऊन मी स्वतः उभा राहतो. आजवर कुणी विचारायला आलेलं नाही.

---

काठावरची

@शिरोळकर, सोनं आहे हे. इथे वूस्टरला कॅथीड्रलजवळ सेव्हर्नच्या काठावर वॉटरगेटच्या भिंतीत अशाच खुणा कोरल्यात, १७७० ची आहे, १९४७ ची आहे, आणि मॉडेलर त्यांचा मोठ्या आदराने उल्लेख करतात. कॉन्फरन्सला एकाने सांगितलं की एका दुकानदाराने दाखवलेल्या खुणेमुळे त्याला कळलं की पाणी नदीकडून नाही, मागच्या नाल्यातून आलं होतं. खूण ही पण नोंदच: कुणी मारली, पाणी उतरताना मारली की चढलेलं असताना, भिंत नंतर वर उचलली का. फोटोंसोबत एवढं लिहून ठेवाल का? @वाशिष्ठी_एमटेक, तुम्ही चिपळूणसाठी असं काही गोळा केलंय का?

---

वाशिष्ठी_एमटेक

दुकानांच्या शटरवरच्या चिखलाच्या रेघा मोजल्या होत्या, पंधरा-वीस ठिकाणच्या. पण पाणी उतरून बरेच दिवस झाल्यावर गेले होते, कित्येकांनी धुऊन टाकलेलं. शिरोळकर दादा, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्या गाइडना विचारते, पुढची बॅच कृष्णा-पंचगंगेवर काम घेतेय.

---

कोडवाला_पुणे

बरं, मी अर्धं मागे घेतो :) पुसायच्या क्षणी जुनं कारण समोर आणायची कल्पना चांगली आहे, आमच्याकडे पण नाही ती. एक तांत्रिक शंका: मॉडेलमध्ये लाखो चौकोन. नोंद कशाला चिकटवणार? चौकोनाला चिकटवली आणि उद्या चौकोन ४ चा २ मीटर केला तर नोंद हवेत.

---

काठावरची

@कोडवाला_पुणे, बरोबर, म्हणून चौकोनाला नाही, नकाशावरच्या जागेला आणि माणसाने केलेल्या कृतीला. बाईंनी रेघ ओढली, नोंद त्या रेघेची. उसाच्या पट्ट्याला आकडा दिला, नोंद त्या पट्ट्याची. चौकोन बारीक करा नाहीतर मोठे करा, रेघ आणि पट्टा तिथेच राहतात. पाऊस, भरती असल्या गोष्टींना जागा नसते, त्यांची नोंद इनपुटच्या फाइलीला.

---

निवृत्त_उपअभियंता

दोन गोष्टी जोडतो आणि थांबतो. पहिली, नोंदीत पाहणीची तारीख सक्तीची ठेवा, बाकी काही सक्तीचं नसलं तरी चालेल. शिरोळकरांचा उसाचा प्रश्न त्या एका तारखेने सुटतो: मार्चची पाहणी असेल आणि पूर ऑगस्टचा काढायचा असेल तर पुढच्या माणसाला आपोआप खटकेल. दुसरी, त्या दिवशी शेतात काय उभं होतं हे एका शब्दात. ऊस, भात, सोयाबीन, पड. आम्ही पूर्वी काटछेदाच्या वहीत समासात हे लिहीत असू, कनिष्ठ अभियंता शिकाऊ असला तरी त्याला ते जमायचं.

---

काठावरची

काका, दोन्ही घेतलं. तारीख सक्तीची, आणि 'काय उभं होतं' हा खाना मी आजवरच्या कुठल्याच आराखड्यात ठेवला नव्हता. इकडे पण चालेल, मका आणि कुरण यांत फरक पडतोच. सोमवारी टीमची बैठक आहे, त्यात काढलेले स्क्रीन झाले की इथेच टाकते, कोडवाला आणि वाशिष्ठी, तुम्ही दोघांनी ते फोडून काढायचेत.

---

शिरोळकर

सोमवारच्या आत फोटो पाठवतो. पडीक रानाचा खाना पण ठेवा ताई, नदीकाठची गाळपेर रानं पावसाळ्यात मोकळीच असतात, पाणी पहिलं तिथनं शिरतं.